आधी पाणी पाहा

खराब झालेला कच्चा रस्ता ओळखायला अभियंता लागत नाही. उसाची ट्रॉली रुतते, दूध संकलनाची गाडी यायची बंद होते, आजारी माणसाला खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत न्यावे लागते, आणि सगळ्या गावाला कळून चुकते. पण रस्ता बिघडायला लागतो तो त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा तो वरून बरा दिसत असतो. गाड्या चालू असतात, तक्रार कोणाची नसते, आणि थोडक्या खर्चात रस्ता वाचवण्याची वेळ नेमकी तेव्हाच असते. ती वेळ ओळखायची कशी, यावर जगभरच्या अभियंत्यांनी गेल्या चाळीस वर्षांत बरेच काम केले आहे. त्या कामाची ओळख मराठी वाचकाला फारशी झालेली नाही. आपल्या शेतांकडे जाणारे रस्ते मात्र बहुतेक कच्चेच आहेत.

पहिल्यांदा एक समजूत बाजूला ठेवायला हवी. कच्चा रस्ता म्हणजे पैसे आले की डांबर पडणारच, तोवर दिवस काढणारा रस्ता, असे आपण धरून चालतो. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात आजही एकूण रस्त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लांबी कच्ची आहे. दक्षिण आफ्रिकेत हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास जाते. जिथे दिवसाला पन्नास-शंभर गाड्या जातात, तिथे डांबराचा थर टाकणे आणि पुढे तो टिकवणे दोन्ही महागात पडते. २०१० च्या सुमारास तर अमेरिकेच्या साउथ डकोटा आणि मिशिगन राज्यांतल्या काही काउंट्यांनी फुटलेले डांबर उखडून टाकले आणि ते रस्ते पुन्हा खडी-मुरमाचे केले. खड्ड्यांनी भरलेल्या डांबरी रस्त्यापेक्षा नीट राखलेला कच्चा रस्ता बरा, हा त्यांचा हिशोब होता. तो मला पटतो. मात्र त्या वाक्यात ‘नीट राखलेला’ या दोन शब्दांवर सगळा भार आहे.

राखायचा तर आधी त्याची अवस्था मोजता आली पाहिजे. डांबरी रस्त्यांसाठी अशी मोजणी १९७० च्या दशकातच अमेरिकेत उभी राहिली होती. कच्च्या रस्त्यांसाठी ती केली न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावच्या एका संशोधन संस्थेने. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाची ही शीतप्रदेश प्रयोगशाळा. शेजारच्या व्हरमाँट राज्यात निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे. हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. वसंतात वरचा थर आधी वितळतो आणि खालचा अजून गोठलेलाच असतो, त्यामुळे पाण्याला खाली जायला वाट उरत नाही. रस्त्याचा राडा होतो. तिथले लोक या काळाला चिखलाचा ऋतूच म्हणतात, आणि त्या आठवड्यांत जड वाहनांना अनेक रस्त्यांवर बंदी असते. अशा मुलखातल्या प्रयोगशाळेने १९८७ साली कच्च्या रस्त्यांना गुण देण्याची एक क्षेत्रीय पुस्तिका काढली. पुढे १९९५ मध्ये ती लष्कराच्या नियमपुस्तिकेत आली.

पद्धत साधी आहे. प्रत्येक रस्त्याला शंभर गुण देऊन सुरुवात करायची आणि दोष सापडेल तसे गुण वजा करत जायचे. सारा रस्ता मोजत बसायची गरज नाही. एकसारखी रचना आणि एकसारखी वाहतूक असलेला तुकडा ठरवायचा आणि त्यातला साधारण शंभर फुटांचा, म्हणजे तीसेक मीटरचा, नमुना निवडून तो पायी फिरून तपासायचा. हातात टेप, सरळ पट्टी आणि एक तक्ता. दोष सात: बिघडलेला आडवा उतार, बाजूच्या चरांची अपुरी सोय, आडव्या लाटा, धूळ, खड्डे, चाकोऱ्या आणि सुटी खडी. प्रत्येक दोष सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरवायचे आणि तो नमुन्याच्या किती भागात पसरला आहे ते मोजायचे. चाकोरी एक इंचाहून उथळ असेल तर सौम्य, एक ते तीन इंच मध्यम, त्याहून खोल असेल तर तीव्र. लाटांनाही हेच माप. सुट्या खडीची कडेला जमलेली वळी दोन इंचांपर्यंत सौम्य, चार इंचांच्या वर तीव्र.

धुळीचा प्रकार वेगळा. ती टेपने मोजता येत नाही, म्हणून ताशी पंचवीस मैलांनी, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरच्या वेगाने, गाडी न्यायची आणि मागे उठणारा लोट पाहायचा. पलीकडचे स्पष्ट दिसत असेल तर दोन गुण वजा. लोट दाट असेल आणि मागची गाडी हळू करावी लागत असेल तर चार. काहीच दिसत नसेल तर एकदम पंधरा. चारावरून पंधरावर मारलेली ही उडी मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण तिथे प्रश्न रस्त्याचा न राहता जिवाचा होतो.

वजा गुणांची सरळ बेरीज करून चालत नाही. समजा एका नमुन्यात उताराचे वीस, चाकोऱ्यांचे बारा, खड्ड्यांचे आठ आणि धुळीचे चार गुण गेले. बेरीज चव्वेचाळीस. पण चाकोरी आणि खड्डा हे बऱ्याचदा एकाच दुखण्याचे दोन परिणाम असतात, त्यामुळे एकच अपराध दोनदा मोजला जातो. म्हणून पाचाहून जास्त गुण खाणारे दोष किती ते पाहायचे आणि पुस्तिकेतल्या आलेखावरून बेरीज खाली आणायची. शंभरातून ही सुधारलेली बेरीज वजा केली की रस्त्याचा निर्देशांक मिळतो. पंच्याऐंशीच्या वर उत्तम, चाळीस ते पंचावन्न मध्यम, दहाच्या खाली निकामी.

ही आकडेमोड दिसते तितकी कोरडी नाही. गावागावांत आणि तालुक्यातालुक्यांत मुरूम कोणत्या रस्त्याला आधी, यावर जे ओढाताणीचे राजकारण चालते, त्यात असा एक आकडा हातात असणे मोठी गोष्ट आहे. पुस्तिकेने रस्त्यांची दिवसाच्या वाहतुकीवरून चार गटांत विभागणी केली आहे. दोनशे किंवा त्याहून अधिक गाड्यांचा रस्ता पहिल्या गटात, पन्नासहून कमी गाड्यांचा शेवटच्या. निर्देशांक आणि गट एकत्र पाहिले की कोणता रस्ता आधी हातात घ्यायचा ते ठरवता येते, आणि का घेतला हे दुसऱ्याला दाखवताही येते.

आता पुन्हा त्या सात दोषांकडे वळू. माझ्या मते ते सात नाहीतच. पहिले दोन मूळ आहेत आणि उरलेल्या पाचांपैकी खड्डे आणि चाकोऱ्या त्यांचीच संतती.

कच्च्या रस्त्याला छत नसते. डांबर पाणी वरच्यावर अडवते. मुरूम ते अडवू शकत नाही, तो फक्त लवकर वाहून जाऊ देऊ शकतो. त्यासाठी मध्य उंच आणि दोन्ही कडा खाली असा आडवा उतार लागतो. मुरमाच्या रस्त्याला साधारण चार टक्के उतार धरतात. आपल्याकडच्या ग्रामीण रस्त्याची गाडी चालण्याची रुंदी पावणेचार मीटर धरली, तर मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे, उंच असला पाहिजे. डांबरी रस्त्याला याहून कमी उतार पुरतो, आणि म्हणूनच डांबराची सवय असलेला ठेकेदार मुरमाचा रस्ता सपाट करून ठेवतो. चार बोटे गेली की पाणी थबकते. थबकलेल्या पाण्यात चाक पडले की बारीक माती गढूळ होऊन बाहेर उडते, त्या जागी खळगा होतो, खळग्यात अधिक पाणी साठते. खड्डा असा आपला आपणच वाढतो. उतार अति झाला तरीही चालत नाही. मग कडेला घसरण्याच्या भीतीने सगळ्या गाड्या मधोमध चालतात आणि दोनच चाकोऱ्या खोल होत जातात.

उतार आहे, पण कडेला गवत आणि मातीची वळी माजली आहे, असे फार ठिकाणी दिसते. पाणी कडेपर्यंत येते, पुढे वाट नाही म्हणून रस्त्याच्या लांबीने धावते आणि चढावर ओघळ पाडते. पाहणी करणाऱ्याने रस्त्याकडे पाहण्याआधी कडेकडे पाहावे ते यासाठी.

धुळीची साखळी निराळी आहे. चांगल्या मुरमात खडे असतात आणि त्यांना धरून ठेवणारी थोडी चिकण माती असते. उन्हाळ्यात चाकांखाली ही माती भुकटी होऊन उडते. आपण तिला फुफाटा म्हणून तोंडावर रुमाल धरतो. पण तो उडालेला लोट म्हणजे रस्त्याचा सांधाच निघून गेलेला असतो. सांधा गेला की खडे सुटे होतात, आणि सुट्या खड्यांवर चाके धावली की आडव्या लाटा उमटतात.

या लाटांनी भौतिकशास्त्रज्ञांनाही बराच काळ कोड्यात टाकले होते. १९६३ मध्ये कीथ मेदर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये यावर लेख लिहिला. पुढे २००७ साली केंब्रिज आणि टोरांटोच्या संशोधकांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर एक साधे चाक टेकवून प्रयोग केले. गाडीच्या स्प्रिंगांमुळे लाटा पडतात अशी सर्वसाधारण समजूत होती. या प्रयोगात स्प्रिंग नसतानाही लाटा पडल्या. एका ठरावीक वेगाखाली मात्र थर सपाट राहिला. हा वेग इतका कमी असतो की प्रत्यक्ष रस्त्यावर त्या गतीने कोणी गाडी चालवणार नाही. म्हणजे सुटा थर आणि धावती चाके एकत्र आली की लाटा येणारच. उपाय मालात आहे आणि दुरुस्तीच्या रीतीत आहे. रस्ता कापून सारखा करणाऱ्या ग्रेडर यंत्राचे पाते लाटेच्या तळापर्यंत न नेता नुसते शेंडे छाटले, तर थोड्याच दिवसांत लाटा परत दिसतात. तळाच्याही खाली कापायचे, ओलसर माल पुन्हा मिसळायचा, पसरायचा आणि दाबायचा. ग्रेडर घाईने पळवला तर यंत्र स्वतःच उसळते आणि नव्या लाटा कोरून ठेवते.

मालाबद्दल दक्षिण आफ्रिकेने केलेले काम मला सर्वांत उपयोगी वाटते. तिथल्या अभियंत्यांनी शेकडो किलोमीटर कच्च्या रस्त्यांच्या अनुभवावरून दोन आकड्यांत मुरमाचा स्वभाव बांधला. पहिला आकडा मातीच्या चिकटपणाचा. ओली माती साच्यात भरून वाळवायची, तिची लांबी किती टक्के आक्रसते ते पाहायचे आणि अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या बारीक चाळणीतून किती टक्के माल खाली पडतो त्याने गुणायचे. दुसरा आकडा मोठ्या, मध्यम आणि बारीक कणांच्या मिश्रणाचा. पहिला १०० ते ३६५ आणि दुसरा १६ ते ३४ यांच्या दरम्यान असेल तर माल चांगला. चिकटपणा कमी पडला तर रस्ता लाटा धरतो आणि खडी सुटते, जास्त झाला तर पावसात घसरतो. मिश्रणात खडे फार झाले तर रस्ता उसवतो, बारीक कण फार झाले तर तो धुपतो. कोणता दोष वारंवार येतो हे पाहणीच्या वहीत लिहिलेले असेल, तर खाणीतल्या मुरमात काय कमी आहे ते प्रयोगशाळेत जाण्याआधीच बरेचसे कळते. पाहणीचा खरा लाभ इथे आहे.

तरीही या गुणांच्या पद्धतीत एक अडचण आहे, आणि ती मिशिगनमधल्या लोकांनी नेमकी पकडली. डांबरी रस्त्याची अवस्था वर्षभरात फार बदलत नाही. कच्च्या रस्त्याची एका रात्रीत बदलते. सोमवारी पाहणी केली, मंगळवारी ग्रेडर फिरला, गुरुवारी वळवाचा पाऊस झाला. चार दिवसांत तीन निर्देशांक. मग पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक कशावर बांधायचे? हॅनोव्हरच्या पुस्तिकेने यासाठी वर्षातून चारदा, प्रत्येक ऋतूत एकदा, गाडीतून रस्ता पाहायला आणि सविस्तर मोजणी वर्षातून एकदा करायला सांगितले. मिशिगनने त्याहून वेगळी वाट धरली. पृष्ठभाग सोडून द्या, म्हणाले. तीनच गोष्टी नोंदवा: रस्त्याची रुंदी, पाण्याच्या निचऱ्याची सोय आणि मुरमाच्या थराची जाडी. या तीन गोष्टी पावसाच्या एका सरीने बदलत नाहीत, आणि रस्ता किती वर्षे तग धरेल हे त्यांवरच ठरते.

महाराष्ट्रात काम करायचे तर मी मिशिगनच्या बाजूने उभा राहीन. याचे कारण आपली जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिजली की भार पेलण्याची तिची ताकद जवळजवळ संपते. तिच्यावर मुरमाचा थर पातळ असेल, तर चाकांखाली मुरूम चिखलात बुडतो आणि चिखल वर येतो. दिवाळीत पसरलेल्या ट्रॉल्या पुढच्या श्रावणात दिसेनाशा होतात त्या अशा. वरून पाहून हे कळत नाही. कुदळीने दर काही अंतरावर हातभर खळगा घेऊन थर मोजला की पाच मिनिटांत कळते.

दुसरे कारण पाणंदींची ठेवण. गाव नकाशावर तुटक रेषांनी दाखवलेल्या या वाटा पिढ्यानपिढ्या गाड्यांनी घासून आणि पावसाने धुऊन शेजारच्या शेतांपेक्षा खाली गेल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या शेतांचे पाणी त्यांच्यातच उतरते. नांगर दरवर्षी वीतभर पुढे सरकतो आणि चर बुजतो. पावसाळ्यात पाणंदीचा ओढा होतो. अशा ठिकाणी वरचा उतार कितीही नीट दिला तरी उपयोग नाही, रस्ताच उचलावा लागतो. बाजूला चर खोदताना निघालेली काळी माती रस्त्यावर पसरली, तर केलेले काम मातीत जाते. ती भरावाच्या पोटातही जपून घालायची असते, मुरमाच्या वर कधीच नाही.

१९४३ च्या नागपूर आराखड्याने देशातल्या रस्त्यांची प्रतवारी केली. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि सर्वांत खाली ग्रामीण मार्ग. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वस्त्या बारमाही रस्त्यांनी जोडायला घेतल्या, आणि त्या कामांत पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी बांधणाऱ्या ठेकेदारावरच टाकली. शेतात जाणाऱ्या वाटा या उतरंडीच्याही खाली राहिल्या. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली आणि रोजगार हमीच्या निधीशी तिची सांगड घातली. रस्ता करायला पैसा मिळण्याची वाट त्यामुळे उघडली. पण केलेल्या रस्त्याची पाहणी दरवर्षी कोणी करायची, कोणत्या वहीत लिहायची आणि त्यावरून पुढचा मुरूम कसा ठरवायचा, हा प्रश्न तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा. पूर्वी सडकांवर मैलकुली असत. ठरावीक लांबी एका माणसाकडे, हातात घमेले-फावडे, आणि पावसात चर मोकळे ठेवणे हे त्याचे काम. रोज तोच रस्ता चालणाऱ्या माणसाला कुठे पाणी तुंबते हे आलेखावाचून ठाऊक असे.

खर्चाचे गणित मांडले की राखणीचे महत्त्व कळते. कच्च्या रस्त्याचा थर वाहतूक, पाऊस आणि मालाच्या प्रतीनुसार साधारणपणे वर्षाला दहा ते तीस मिलिमीटर झिजतो. मधला आकडा वीस धरू. पावणेचार मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरमागे ७५ घनमीटर, म्हणजे सुमारे २६ ब्रास मुरूम दरवर्षी धुळीत आणि पाण्यात जातो. हा मुरूम कधीतरी परत टाकावाच लागतो. झीज दहावर आणता आली तर निम्मा वाचतो, आणि ती आणण्याचे मुख्य मार्ग स्वस्त आहेत: मेमध्ये चर आणि मोऱ्या साफ करणे, कडेची वळी कापणे, आणि परतीच्या पावसाची ओल असताना चार बोटांचा उतार पुन्हा देणे. कोरड्या मुरमावर उन्हाळ्यात फिरवलेले यंत्र फक्त धूळ उडवते. ओल असताना मुरूम दबतो आणि बसतो.

अलीकडे ड्रोनने काढलेल्या छायाचित्रांतून खड्ड्यांची खोली मोजण्याचे प्रयोग झाले आहेत, मिशिगनमध्येच. मोबाइल गाडीत ठेवून हादऱ्यांवरून रस्त्याचा खडबडीतपणाही मोजता येतो. ही साधने कामाची आहेत, विशेषतः शेकडो किलोमीटरचे जाळे सांभाळणाऱ्यांना. पण चर गाळाने भरला आहे आणि मोरीचे तोंड झुडपात हरवले आहे हे गाडीच्या हादऱ्यांत उमटत नाही. त्यासाठी खाली उतरून चालावे लागते, आणि शक्यतो पाऊस पडत असताना. कोरड्या दिवशी पाहणाऱ्याला तुंबलेल्या पाण्याच्या खुणा शोधाव्या लागतात. भर पावसात छत्री घेऊन निघालेल्याला पाणी स्वतःच दाखवते की ते कुठून येते, कुठे थांबते आणि कुठे फोडून जाते.

तुमच्या शेताचा रस्ता कच्चा असेल तर येत्या पावसाळ्यात त्याचा तीस मीटरचा एक तुकडा निवडा. मध्य कडेपेक्षा किती उंच आहे, चर वाहतो का, मुरमाचा थर किती उरला आहे आणि चाकोरी किती खोल आहे, एवढ्या चार गोष्टी तारीख घालून वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा लिहा. आणि ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा.